सर, तुम्ही बाटलीचं विचारलंच नाहीत

सर, मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये असं घरचे म्हणतात, पण माझा इलाज नाही. गेल्या महिन्यात दौंडहून, कॉलेजातून फोन आला. तिथे आता प्राचार्य कोण आहे माहीत आहे का? प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावर असायचा तो. मी यंत्राला डोळा लावून आकडा सांगायचे आणि तो लिहायचा, तो माझा पार्टनर. म्हणाला, "अगं, फिजिक्सची लॅब नवी केली. फरशी, टेबलं, सगळं. तिला सरांचं नाव द्यायचं ठरलंय आणि पाटी तुझ्याच हातनं उघडायची." मी हो म्हणणारच होते. मग त्याने पाटीवरचा मजकूर वाचून दाखवला. वर तुमचं नाव आणि खाली, 'ज्यांनी आम्हाला प्रयोगातून सत्य पाहायला शिकवले.' तो म्हणाला, "हॅलो, रेंज गेली का?" रेंज कुठली जातेय, माझं डोकं फिरलं होतं. कळवते म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये माना डोलावताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. आज ते एकदाचं कागदावर घेते.

तुम्ही वाईट मास्तर असतात तर बरं झालं असतं. वाईट मास्तर आम्हाला पुष्कळ होते, त्यांच्यावर मी कधी चिडले नाही, त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. तुम्ही निमोण्याहून आलेले, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एका खोलीत राहायचात. आठवड्याच्या भाकरी घरून फडक्यात बांधून यायच्या आणि त्यातल्या अर्ध्या आमच्यासारख्या गाडीबरोबर उपाशी येणाऱ्या पोरांच्या पोटात जायच्या. ध्रुवीकरण शिकवायला तुमच्याकडे काही नव्हतं. तुम्ही बैलगाडीचा दोर आणलात, वर्गाच्या खिडकीच्या उभ्या गजांतून ओवलात, एक टोक बाहेर शिपायाच्या हातात दिलंत आणि म्हणालात, आता वरखाली हलवा, आता आडवा हलवा. उभा हेलकावा गजांतून आत येतो, आडवा तिथेच अडकतो. तो तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. नंतर एकदा तुम्ही बिघडलेला कॅल्क्युलेटर फोडून त्याच्या पडद्यावरचा करडा, चकचकीत तुकडा कात्रीने कापलात आणि माझ्या हातावर ठेवलात. म्हणालात, "जा, आभाळाकडं धर आन् फिरव. सूर्याकडं न्हाई, त्याच्या आडव्या बाजूला." मी आमच्या वरवंडच्या स्टँडवर उभी राहून तो तुकडा फिरवते आहे आणि निळं आभाळ गडद होतंय, फिकं होतंय, पुन्हा गडद होतंय. बस आली आणि गेली तरी मी तिथेच. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलंत की उजेड कशावर तरी आदळून आला की त्याच्या अंगावर त्याची खूण राहते. मी आज जे काही करते ते तुमच्या या एका वाक्यावर उभं आहे. म्हणून तर राग येतो. हे वाक्य ज्याला माहीत होतं, त्या माणसानं माझं रीडिंग खोडलं.

शेवटच्या वर्षाची विद्यापीठाची प्रॅक्टिकल परीक्षा. मला चिठ्ठीत साखरेचा प्रयोग आला. नळीत साखरेचं पाणी भरायचं, मागे सोडियमचा पिवळा दिवा, पुढे डोळा. आत गोल दिसतो, अर्धा उजळ आणि अर्धा अंधारा. चकती फिरवत दोन्ही अर्धे भाग सारखे झाले की आकडा वाचायचा. साखर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत हेलकावणाऱ्या, उजेडाला किती वळवते ते त्यावरून निघतं आणि पुस्तकातलं उत्तर साडेसहासष्ट अंश. लॅबमध्ये साखरेला पैसे नसायचे, साखर ज्याने त्याने घरून आणायची. आमच्याकडे कारखान्याची सभासदांना मिळणारी साखर होती. चिठ्ठीत साखर आलीच तर सकाळी घाई नको म्हणून मी दोन दिवस आधीच मोजून पाणी तयार केलं. लवकर विरघळावी म्हणून बाटली चुलीच्या वैलावर, शेजारच्या मंद उबेवर ठेवली आणि ती तिथेच राहिली. आईने विचारलंसुद्धा, "काय गं हे, सरबत केलं का?" बाटली सरबताचीच होती. आई तिच्यात लिंबाचा पाक भरून ठेवायची. मी ती घाईघाईत विसळली होती.

रीडिंग आलं, त्यावरून उत्तर निघालं पंचावन्नच्या आसपास. मी पुन्हा घेतलं. नळी रिकामी करून, धुऊन, भरून पुन्हा घेतलं. पंचावन्नच. पार्टनर शेजारच्या टेबलावरून खुणावत होता की बसवून टाक. आपल्या लॅबमधला हा रोजचा शब्द होता, सर. उत्तर आधी ठाऊक असायचं आणि त्यावरून उलटं गणित करून रीडिंग बसवायची. लंबकाच्या प्रयोगात सगळ्या वर्गाचं उत्तर सारखं, जणू एकच लंबक सगळ्यांनी मिळून हलवलाय. मी बसवलं नाही. हट्ट म्हणून नाही. मला खरंच कळत नव्हतं हे असं का येतंय, आणि ते न कळणं मला आवडत होतं. बाहेरचे परीक्षक स्टाफरूममध्ये चहा पीत होते. तुम्ही माझ्या टेबलाशी येता. वही बघता. हलक्या आवाजात म्हणता, "हे काय लिव्हलंय?" मी म्हणते, सर, हेच येतंय, तीनदा घेतलं. तुम्ही म्हणता, "येतंय म्हंजी? साखर काय तुझ्यासाठी बदलंल का?" आणि शर्टाच्या खिशातून खोडरबर काढून माझे सगळे आकडे खोडता, एका ओळीनंतर दुसरी ओळ. मग माझ्याच पेन्सिलीने, माझ्या अक्षरासारखं अक्षर काढत, नवे आकडे लिहिता. उत्तर, साडेसहासष्ट. रबराचा भुगा फुंकून उडवता आणि पुढच्या टेबलाकडे जाता. मला पैकीच्या पैकी मिळाले.

साखर बदलली होती, सर. तुम्ही विचारलंत ना, साखर तुझ्यासाठी बदलंल का? बदलली होती. लिंबाच्या आंबटाने आणि चुलीच्या उबेने तिच्यातली काही फुटली होती. फुटलेली साखर उजेडाला उलट्या बाजूला वळवते, म्हणून उत्तर कमी येत होतं. माझं यंत्र बरोबर होतं, डोळा बरोबर होता, पंचावन्न बरोबर होतं. हे मला पुण्यात कळलं, एम.एस्सी.ला, लायब्ररीत भलतंच पुस्तक चाळताना. साखर, आम्ल, ऊब, उलटं वळण. मला त्या पानावर आईची बाटली दिसली, बुचाच्या कडेला चिकटलेला पिवळा थर दिसला. आनंद व्हायला हवा होता, तळपायाची आग मस्तकात गेली. एक प्रश्न पुरला असता. पाणी कुठल्या बाटलीत आणलंस, एवढंच. त्या दिवशी एका विशीतल्या पोरीने दौंडच्या लॅबमध्ये, कुणी न सांगता, साखर फुटताना पकडली होती, आणि ते तिला कळण्याच्या आत तुम्ही फुंकर मारून उडवून दिलंत.

हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, तुमच्याच घरी. संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन निमोण्याला आले होते, तुम्ही नुकतेच रिटायर झालेले. काकूंनी शेंगुळे केले होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होतात. मी म्हटलं, सर, त्या पंचावन्नचं कारण सापडलं. सगळं सांगितलं. तुम्ही पोट धरून हसलात. "आगं ऐकलंस का," काकूंना म्हणालात, "हिच्या आईच्या लिंबानं साखर फोडली व्हती, आन् मी म्हनत व्हतो पोरीला यंत्र वाचता येईना." काकूही हसल्या. मी हसले नाही. म्हटलं, सर, तुम्ही खोडलंत ते. तेव्हा तुमचं हसू थांबलं. लसणाची पाकळी हातातच राहिली. म्हणालात, "मग काय करायचं व्हतं? त्या परीक्षकाला जेवून गाडी धरायची व्हती. तुझं पंचावन्न बघून त्यानं दोन मिनटं बी दिली नसती. तुझ्या घरी पोरगा बघून ठिवलेला, मला ठावं न्हवतं व्हय? मी तवा तुला फिजिक्स शिकवत न्हवतो. तुला भाएर काढत व्हतो." काकू म्हणाल्या, "गार होतंय, आधी खा." मी खाल्लं. तुम्ही वाढत राहिलात आणि मी खात राहिले.

त्याचं उत्तर आज देते. मला बाहेर काढायचं होतं, ठीक. मग गप्प करूनच काढायचं होतं का? परीक्षकाने कदाचित नापास केलं असतं, पण मी त्याच्याशी बोलले असते. लिंबाचं मला माहीत नव्हतं, पण तीनदा घेतलंय, तुम्ही येऊन बघा, एवढं तर म्हटलं असतं. ते माझं भांडण होतं, ते तुम्ही माझ्या हातून काढून घेतलंत. आणि मी एकटी निघाले बाहेर, पण त्या खोलीत बाकीचे पस्तीस जण काय शिकले? पुस्तक म्हणतं ते खरं आणि डोळ्याला दिसतं ते खोडायचं. ते पस्तीस जण मास्तर झाले, सर. तालुक्यातालुक्यात गेले, त्यांनी आणखी पोरं शिकवली. तुमच्यासारखे चांगले मास्तर प्रत्येक कॉलेजात एकेक होते, हे मला मागच्या पावसाळ्यात कळलं.

त्याआधी मी काय काम करते ते सांगते, कारण तुम्ही हयात असताना नीट कधी सांगितलं नाही. फार लांबच्या काही दीर्घिकांच्या पोटात मोठं कृष्णविवर असतं. त्यात पडणारा वायू इतका तापतो की एकटा सगळ्या दीर्घिकेहून जास्त प्रकाश टाकतो. त्याला क्वेसार म्हणतात. काही क्वेसार धुळीने झाकलेले असतात. समोरून बघितलं तर मिणमिणता ठिपका, बघणाऱ्याला वाटावं इथे काहीच नाही. पण धूळ भोवती कड्यासारखी असते, वर आणि खाली वाट मोकळी राहते. तिथून उजेड निसटतो, पलीकडच्या वायूवर, धुळीवर आदळतो आणि त्यातला जरासा आपल्याकडे वळतो. घराचं पुढचं दार बंद असावं आणि परसातल्या दिव्याचा उजेड शेजाऱ्याच्या भिंतीवर दिसावा, तसं. आदळून आलेला म्हणून तो ध्रुवित असतो. दुर्बिणीच्या मागे चकती फिरवत फिरवत आम्ही तेवढाच उजेड वेगळा काढतो आणि मग धुळीआड काय आहे ते समजतं. कॅल्क्युलेटरच्या तुकड्याने मी आभाळाचं जे केलं तेच, फक्त पसारा मोठा. आणि त्या ध्रुवीकरणाच्या कोनावरून वाट कुठल्या दिशेला मोकळी आहे तेही कळतं. त्याच वाटेने रेडिओ लहरी सोडणारे झोतही बाहेर पडतात, त्यांच्याशी हा कोन काटकोनात यायला हवा. आमच्या यादीतल्या सगळ्यांचा कमीअधिक तसा आला. एकाचा आला भलताच तिरका.

माझ्याकडे पीएच.डी. करणारी एक मुलगी आहे, लातूरकडची, हुशार, अबोल. तिने पेपरचा मसुदा आणून दिला. आकृती सुरेख, सगळे ठिपके रांगेत. तो तिरका ठिपका नव्हता. मी विचारलं, तो कुठे गेला? ती म्हणाली, "बसत नव्हता मॅडम, म्हणून काढला." सर, मी त्या पोरीवर अशी ओरडले की शेजारच्या दोन खोल्यांतली माणसं दारात आली. कुणी शिकवलं तुला हे? ती घाबरून म्हणाली, "बी.एस्सी.ला आमचे सर म्हणायचे, एखादं रीडिंग वाकडं आलं तर घेऊ नये, आलेखाचं रूप जातं. ते फार चांगले होते, मॅडम." फार चांगले होते. मी खुर्चीत बसले. तिला पाणी दिलं, स्वतः प्यायले. मग म्हटलं, आता सांग, हा ठिपका कुठल्या बाटलीतून आला? तिला अर्थातच काही कळलं नाही. म्हणून सगळी गोष्ट सांगितली, तुमच्यासकट. ती पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळी हसली आणि मग स्वतःच म्हणाली, "आपल्या आकाशगंगेचीही धूळ मध्ये येते ना? तिनंही कोन वळतो." त्या दिशेला जवळच दिसणारे तारे घेऊन आम्ही ती मधली धूळ मोजली आणि वजा केली. कोनाचा तिरकेपणा थोडा गेला, थोडा राहिला. का राहिला ते आम्हाला माहीत नाही. पेपरमध्ये तसंच लिहिलं आहे, माहीत नाही. पेपर तपासणाऱ्याने कुरकुर केली, आम्ही ठिपका हलवला नाही. तुम्ही असतात तर खिशात हात घातला असतात.

गेल्या आठवड्यात दौंडला जाऊन आले. सोलापूर रोडने, वरवंड सोडलं, पाटसला उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकले, जीव वैतागला. लॅब खरंच छान केली आहे. प्राचार्य हौसेने एकेक दाखवत होता. आणि एका भिंतीला त्यांनी हातच लावलेला नाही. तुमची भिंत. तुम्ही स्टुलावर चढून निळ्या ऑइलपेंटने लिहिलेली सगळ्या प्रयोगांची प्रमाण उत्तरं. "मुद्दाम ठेवली," तो म्हणाला. "सरांचं अक्षर आहे." भिंतीखालीच जर्नल्सची चळत होती. वरचं उचललं, साखरेचा प्रयोग काढला. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांचं साडेसहासष्ट, एखाद्याचं जरा वर, एखाद्याचं जरा खाली, शंका येऊ नये इतपतच. कुणाची साखर ओली नव्हती, कुणाचा डोळा दुखला नव्हता. तुम्ही गेलात तरी तुमचा खोडरबर चालूच आहे.

मी म्हटलं, पाटीवरची ओळ काढ आणि ही भिंत रंगव. मग मी येते. तो म्हणाला, "पाटीचं एक वेळ समजू शकतो. भिंतीनं काय केलंय तुझं?" म्हटलं, जे केलंय ते तिनंच केलंय. पोरं मान वर करून उत्तर बघतात आणि मान खाली घालून रीडिंग लिहितात, तुला दिसत नाही का? तो म्हणाला, "अगं, तेव्हा सगळीकडंच चालायचं. सरांच्या जीवावर आपण इथवर आलो. मीसुद्धा." मी म्हटलं, म्हणूनच त्यांचं नाव राहू दे. खोटी ओळ नको आणि ती भिंत नको. तो टेबलावर बोटाने रेघोट्या मारू लागला. मग म्हणाला, "तुझं पंचावन्न मला आठवतंय. त्या दिवशी माझं लंबकाचं होतं. मी लंबक हलवायच्या आधीच उत्तर लिहून ठेवलं होतं." आणि शिपायाला हाक मारून पेंटरचा नंबर विचारला.

हे पत्र टाकायचं कुठे? निमोण्याच्या पत्त्यावर काकू आहेत, त्यांनी हे वाचावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना परवा फोन केला होता. "तुमच्या सरांचं नाव लागतंय म्हनं," म्हणाल्या, "तू यील ना?" म्हटलं, हो काकू, येते. म्हणजे पाटी मी उघडणार आहे. तिच्यावर फक्त तुमचं नाव असेल. माझा राग गेला असं समजू नका, मी तो बरोबर घेऊनच येणार आहे. त्या पोरांसमोर उभी राहून लिंबाच्या बाटलीची गोष्ट सांगणार आहे, खोडरबरासकट, तुमच्या नावाखाली उभी राहून. काकू पुढच्या रांगेत बसलेल्या असतील तरीही.

आज सकाळी प्राचार्याचा मेसेज आला. भिंतीचा फोटो आहे, पांढरी केलेली. खाली लिहिलंय, 'एक हात झाला. जुना ऑइलपेंट आहे, थोडा वर येतोय. दुसरा हात मारायला सांगू का? पेंटर संध्याकाळपर्यंतच आहे.' मी फोटो मोठा करून बघितला. पांढऱ्याखालून फिकट निळी अक्षरं दिसतात. उत्तर नीट वाचता येत नाही, पण अक्षर तुमचं आहे हे मला लगेच कळलं. दोनदा 'हो, सांग' असं टाइप केलं आणि दोन्ही वेळा पुसलं. संध्याकाळ होत आली आहे, सर, आणि मी त्याला अजून काहीच कळवलेलं नाही.